सीडी३ ची स्लाइड कोरी येतेय, सीडी२० मात्र झकास. काय चुकतंय?

स्लाइडवाला_खानापूर (सोमवार, रात्री ९.४८)

नमस्कार मंडळी. बेळगावात एका लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिस्टोचं काम बघतो. टिश्यू कापणं, मेणाचे ब्लॉक भरणं, नेहमीचा गुलाबी-निळा एच अँड ई रंगवणं यात बारा वर्षं गेली. आयएचसी, म्हणजे अँटिबॉडीनं पेशीवरची खूण शोधून तिथं तपकिरी रंग आणणं, मात्र आमच्याकडे दीड वर्षापूर्वी सुरू झालं आणि सगळं हातानं. मशीन म्हणजे एक कुकर आणि मी.

मानेतल्या गाठीचा ब्लॉक आहे. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी सीडी२० आणि सीडी३ सांगितलं. सीडी२० असा आलाय की फ्रेम करून लावावा. सीडी३ कोरा. निळी न्यूक्लियस तेवढी दिसतात, तपकिरी ठिपका औषधाला नाही. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. लिम्फ नोडमध्ये टी पेशीच नाहीत असं कसं होईल?

४ मायक्रॉनचे सेक्शन, चार्ज्ड स्लाइड, ६० डिग्रीला तासभर. रिट्रीव्हल, म्हणजे फॉर्मॅलिननं झाकलेली खूण उकळून उघडी करणं, सायट्रेट पीएच ६ मध्ये, कुकरात. ३ टक्के पेरॉक्साइड १० मिनिटं, अँटिबॉडी १:१०० तासभर, मग पॉलिमर, शेवटी तपकिरी रंग देणारं डीएबी ५ मिनिटं. बाटली नवी, गेल्याच आठवड्यात आली, डब्यातला बर्फसुद्धा शाबूत होता.

मॅडम म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत रिपोर्ट धरते, तोवर कारण शोध. पेशंटच्या घरचे रोज फोन करायलेत. कुणाला काय सुचतंय काय?

मठ्ठ_मास्तर (सोमवार, रात्री १०.०५)

विषय डोक्यावरून गेला, पण वाचायला मजा आली. आम्हाला सीडी म्हणजे गाण्याची. ती कोरी निघाली तर दुकानदाराकडे परत नेत होतो.

मिरजेचा_मायक्रोस्कोप (सोमवार, रात्री १०.३१)

कंट्रोल, म्हणजे टी पेशी नक्की असतात असं टिश्यू, कुठाय? टॉन्सिल किंवा अपेंडिक्स बरोबर लावलं होतं का? पेशंटची एकटी स्लाइड कोरी आली तर तीवरून काहीच म्हणता येत नाही. पेशी नाहीत म्हणून कोरी, की अँटिबॉडी चालली नाही म्हणून कोरी, हे ती स्लाइड स्वतः सांगत नसते.

स्लाइडवाला_खानापूर (सोमवार, रात्री १०.४४)

नाही लावलं सर. टॉन्सिलचा जुना ब्लॉक संपत आलाय, म्हणून जपून वापरालोय. चुकलं.

चिकोडीची_पोर (सोमवार, रात्री ११.२०)

मास्तर, थोडक्यात सांगते. सीडी ही गाण्याची नाही, पांढऱ्या पेशींच्या अंगावरच्या खुणांना दिलेल्या नंबरांची यादी आहे. प्रत्येक प्रयोगशाळा स्वतःच्या अँटिबॉडीला स्वतःचं नाव देत सुटली, तेव्हा गोंधळ आवरायला १९८२ मध्ये पॅरिसला बैठक घेऊन हे नंबर ठरवले. त्यातला तिसरा नंबर ज्याला मिळाला तो टी पेशीच्या ग्राहीचा, म्हणजे रिसेप्टरचा, भाग आहे. टी पेशी ज्या ग्राहीनं जंतूचा तुकडा ओळखते, त्याच्या दोन साखळ्यांना आतपर्यंत पोचणारी शेपूट जवळजवळ नाहीच. बाहेर काय सापडलं हे पेशीच्या आत कळवायचं काम शेजारच्या साखळ्या करतात: गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन, झीटा. पैकी गॅमा, डेल्टा आणि एप्सिलॉन म्हणजे सीडी३. स्लाइडवर बहुतेक वेळा शोधली जाते ती एप्सिलॉन.

सीडी३ दिसला की टी पेशी, सीडी२० दिसला की बी पेशी. गाठीत कोण किती आणि कुठे बसलंय हे बघायला दोन्ही लागतात.

मठ्ठ_मास्तर (सोमवार, रात्री ११.३४)

समजलं. जनगणनाच की. पण आपल्या भाषेत अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड ना? मग सगळे अँटिबॉडी अँटिबॉडी काय करताय?

स्लाइडवाला_खानापूर (सोमवार, रात्री ११.४०)

मास्तर, लॅबमध्ये "प्रतिपिंडाची बाटली दे" म्हटलं तर आमचा पोरगा श्राद्धाची तयारी करंल. कन्नड पेपरात प्रतिकाय लिहितात. बेळगावात दोन्ही कळतात आणि दोन्ही कुणी बोलत नाही.

अतिशहाणा_बैल (मंगळवार, सकाळी ७.१५)

सोपं आहे. १:१०० ऐवजी १:१० करा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, डीएबी १५ मिनिटं. तपकिरी आला नाही तर नाव बदलीन.

मिरजेचा_मायक्रोस्कोप (मंगळवार, सकाळी ८.०२)

बैलोबा, नाव बदलायची वेळ येणार नाही, तपकिरी येईलच. पण तो सगळीकडे येईल. तंतू, सीरम, प्लाझ्मा पेशी, सगळी स्लाइड चहात बुडवल्यासारखी. मग त्यातून हवी ती टी पेशी म्हणून दाखवायची. असे रिपोर्ट बाहेर पडलेले मी पाहिलेत, म्हणून जरा रागानं लिहितोय.

खानापूरकर, तुमच्याच पोस्टमध्ये अर्धं उत्तर आहे. त्याच ब्लॉकवर, त्याच कुकरमधून, सीडी२० चांगला आला. म्हणजे फिक्सेशन, पेरॉक्साइड, पॉलिमर, डीएबी हे चौघे निर्दोष सुटले. आरोपी उरले दोनच, पहिली अँटिबॉडी किंवा तिला मानवणारं रिट्रीव्हल. टॉन्सिलचा शेवटचा तुकडा काढा. एक स्लाइड सायट्रेट पीएच ६ ला, एक ट्रिस-ईडीटीए पीएच ९ ला. बऱ्याच सीडी३ अँटिबॉडी पीएच ९ ला खुलतात.

आणि गाठ आली कशी होती? फॉर्मॅलिन कसलं?

स्लाइडवाला_खानापूर (मंगळवार, सकाळी ८.३०)

ही गाठ नीट आली होती सर, कापून, १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, मोठ्या तोंडाच्या डबीत. नेहमी असं नशीब नसतं. तालुक्याच्या गावांतनं काय काय येतं ते विचारू नका. एकदा सलाइनमध्ये आली, तीन दिवसांनी. एकदा खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. आत घालताना मऊ होती म्हणून गेली, फॉर्मॅलिननं कडक झाल्यावर बाहेर येईना. शेवटी फडक्यात गुंडाळून बाटली फोडली आणि चिमट्यानं काचा वेचल्या. त्या ब्लॉकनं मायक्रोटोमचं पातं खाल्लं ते वेगळंच.

मठ्ठ_मास्तर (मंगळवार, सकाळी ९.१०)

एक भौतिकशास्त्रातली शंका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. इथं पाणी साधारण साडेसत्त्याण्णवलाच उकळतं. तुमच्या त्या उकळण्यात फरक पडत नसेल?

मिरजेचा_मायक्रोस्कोप (मंगळवार, सकाळी ९.२५)

मास्तर, मठ्ठ हे नाव खोटं आहे. उघड्या भांड्यात किंवा वॉटरबाथमध्ये करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, दोन-चार मिनिटं वाढवावी लागतात. कुकरमध्ये दाब आपण तयार करतो, त्यामुळे बेळगाव काय आणि मालवण काय. ही उकळण्याची युक्ती फार जुनीही नाही, १९९१ मध्ये मायक्रोवेव्हमध्ये स्लाइड उकळून दाखवली तेव्हापासूनची. त्याआधी फॉर्मॅलिनमधल्या टिश्यूवर बऱ्याच अँटिबॉडी नुसत्या बसून राहत.

निपाणीची_वहिनी (मंगळवार, दुपारी २.४०)

मध्येच विचारते, रागावू नका. माझ्या धाकट्या दिरांच्या काखेतली गाठ काढली. रिपोर्टमध्ये लिहिलंय, सीडी३ पॉझिटिव्ह, सीडी२० पॉझिटिव्ह, रिअ‍ॅक्टिव्ह. डॉक्टर म्हणाले काळजी नाही, पण दोन-दोन पॉझिटिव्ह म्हणजे काय हो? नेटवर वाचून दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. घरात कुणाला बोलले नाही.

मिरजेचा_मायक्रोस्कोप (मंगळवार, दुपारी ३.१८)

वहिनी, इथं पॉझिटिव्ह म्हणजे "सापडलं", एवढंच. आजार सापडला असं नव्हे. तुमच्या-माझ्या निरोगी गाठीतसुद्धा सीडी३ आणि सीडी२० दोन्ही पॉझिटिव्ह असतात, असायलाच हवेत. बघायचं असतं ते कोण कुठे बसलंय. बी पेशी आपापल्या गोल वाड्यात, टी पेशी वाड्यांच्या मधल्या गल्ल्यांत, अशी वस्ती जागेवर असली की ती मोठी खूण. एकाच जातीची गर्दी सगळे वाडे मोडून पसरली की आम्ही सावध होतो. "रिअ‍ॅक्टिव्ह" म्हणजे गाठ कशाला तरी उत्तर देताना सुजलीय. काखेतली असेल तर हाताला जखम, गळू काही झालं होतं का ते डॉक्टरांना आठवणीनं सांगा. आपल्याकडे टीबी नेहमी डोक्यात ठेवावा लागतो. त्यासाठी झेडएन स्टेन आणि सीबीनॅट वेगळे असतात, सीडी३ वरून टीबी कळत नाही. हे दोन झालेत का एवढं विचारा. आणि आज झोपा.

निपाणीची_वहिनी (मंगळवार, दुपारी ३.३०)

गेल्या महिन्यात विळा लागला होता हाताला. कुणाच्या लक्षातच आलं नाही बघा. आज सांगते डॉक्टरांना. देव तुमचं भलं करो.

स्लाइडवाला_खानापूर (मंगळवार, रात्री ८.५५)

टॉन्सिल लावलं. पीएच ६ कोरी. पीएच ९ पण कोरी. शेजारी सीडी२० चं टॉन्सिल बघवत नाही इतकं सुंदर. फोटो टाकतोय.

संपादक मंडळ (मंगळवार, रात्री ९.०२)

फोटोत स्लाइडच्या लेबलवर केस नंबर वाचता येत होता, म्हणून फोटो काढून टाकला आहे. लेबल झाकून पुन्हा टाकावा.

चिकोडीची_पोर (मंगळवार, रात्री ९.२०)

अण्णा, एक विचारू? क्लोन कुठला? बाटलीवर सीडी३ च्या खाली बारीक अक्षरात असतो.

स्लाइडवाला_खानापूर (मंगळवार, रात्री ९.२४)

लॅब बंद करून घरी आलोय. उद्या सकाळी बघून सांगतो. क्लोननं काय फरक पडतो? सीडी३ तर सीडी३ च की.

चिकोडीची_पोर (मंगळवार, रात्री ९.५०)

तिथंच सगळं आहे. सीडी३ हे सावजाचं नाव, शिकाऱ्याचं नाही. एकाच सीडी३ ला पकडणाऱ्या डझनावारी अँटिबॉडी आहेत आणि प्रत्येक वेगळ्या जागी धरते. कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये हायब्रिडोमा केला, तेव्हापासून एका पेशीच्या वंशातून एकाच साच्याची अँटिबॉडी हवी तेवढी काढता येते. तो वंश म्हणजे क्लोन. सकाळी नाव सांगा, मग बोलू.

स्लाइडवाला_खानापूर (बुधवार, सकाळी ९.३५)

यूसीएचटी१.

चिकोडीची_पोर (बुधवार, सकाळी ९.३८)

अरे देवा.

मिरजेचा_मायक्रोस्कोप (बुधवार, सकाळी ९.५५)

सापडला चोर. खानापूरकर, बाटलीबरोबरचा कागद काढा. वापराच्या यादीत फ्लो असेल, म्हणजे सुट्या पेशी मशीनमधून सोडून मोजणं, फ्रोझन सेक्शन असेल, म्हणजे गोठवून कापलेला. पॅराफिन, म्हणजे आपला मेणाचा ब्लॉक, आहे का बघा.

स्लाइडवाला_खानापूर (बुधवार, सकाळी १०.१०)

फ्लो आहे. फ्रोझन आहे. पॅराफिन नाही सर.

कागद मी वाचलाच नव्हता. आधीची बाटली संपली, तीच परत मागवायची होती, ती दोन महिने मिळेना. एजंट म्हणाला, ही घ्या, तीन हजारानं स्वस्त, सीडी३ म्हणजे सीडी३, आत तेच असतं. बिलावर पण नुसतं सीडी३. सही माझी आहे.

चिकोडीची_पोर (बुधवार, सकाळी ११.०५)

अण्णा, मन खाऊ नका, मी पण केलंय हे. पुण्यात पहिल्या वर्षी फ्लोची अँटिबॉडी पॅराफिनवर घालून आठवडा घालवला. वर आमच्या सरांना म्हटलं, सॅम्पलच खराब आहे.

यूसीएचटी१ ही एप्सिलॉन साखळीचा पेशीबाहेरचा भाग धरते आणि तोही नुसता नाही, डेल्टा किंवा गॅमाला बिलगून तिची जी घडी पडते ती घडी ओळखते. जिवंत पेशीवर, रक्तात, फ्लोमध्ये ती अव्वल. फॉर्मॅलिन काय करतं? प्रथिनांना एकमेकांशी पुलांनी बांधून टाकतं, वर आपण पॅराफिन आणि झायलीनमधून काढतो, मग कुकरमध्ये उकळतो. पूल काही प्रमाणात सुटतात, पण मोडलेली घडी परत पडत नाही.

आपल्या मांड्यांचं बघा. घडीवरून मांडा ओळखणाऱ्या माणसापुढे चुरा ठेवला तर तो म्हणेल, हे मांडे नव्हेतच. पण चवीवरून ओळखणारा चिमूटभर चुऱ्यावर सांगेल. पॅराफिनवर चालणाऱ्या अँटिबॉडी या चवीवाल्या. एप्सिलॉनचं पेशीच्या आत लोंबणारं शेपूट असतं, त्यातली छोटी सरळ अमिनो आम्लांची ओळ त्या धरतात. तिला घडीची गरज नाही, म्हणून उकळून निघाली तरी ओळखू येते. एसपी७, एलएन१०, २जीव्ही६ असे क्लोन मागा.

मिरजेचा_मायक्रोस्कोप (बुधवार, सकाळी ११.३०)

मांडे झकास. पुरवणी जोडतो. तुमचा सीडी२० चा क्लोन बहुतेक एल२६ असणार. तोही पेशीच्या आतला भाग धरतो, म्हणून पॅराफिनवर इतका बिनतक्रार. लिम्फोमाला, म्हणजे लिम्फ पेशींच्या कॅन्सरला, देतात ते रिटुक्सिमॅब मात्र बाहेरून सीडी२० ला धरतं. त्या औषधाला जिवंत पेशीच्या आत हात घालता येत नाही, आम्हाला मेलेल्या पेशीत घालता येतो.

सीडी३ चंही तेच. घडी ओळखणारी दुसरी प्रसिद्ध अँटिबॉडी ओकेटी३. किडनी बदललेल्यांचं शरीर नवी किडनी नाकारू लागलं तर टी पेशी आवरायला ही अँटिबॉडी शिरेतून देत. माणसाला औषध म्हणून परवानगी मिळालेली पहिली मोनोक्लोनल, म्हणजे एकाच क्लोनची अँटिबॉडी, तीच, अमेरिकेत १९८६ मध्ये. इतकी मोठी अँटिबॉडी, पण तुमच्या ब्लॉकवर घातलीत तर तीही कोरी.

अतिशहाणा_बैल (बुधवार, दुपारी १२.१५)

म्हणजे आतलं शेपूट धरणारीच कायम भारी. फ्लोवाल्यांनी पण तीच घ्यावी.

चिकोडीची_पोर (बुधवार, दुपारी १.००)

नाही हो. फ्लोमध्ये पेशी अखंड असते, भोकं पाडल्याशिवाय अँटिबॉडी आत जाणार कशी? आणि आतलं शेपूट धरणाऱ्यांचा एक फसवा गुण आहे. एनके, म्हणजे नॅचरल किलर, पेशींच्या पृष्ठावर सीडी३ नसतो, पण पोटात एप्सिलॉन असते. त्यामुळे नाकातल्या एनके/टी लिम्फोमात फ्लोचा रिपोर्ट म्हणतो सीडी३ निगेटिव्ह आणि स्लाइड म्हणते पॉझिटिव्ह. नातेवाईक दोन्ही कागद घेऊन भांडायला येतात, कुठली लॅब खोटी? दोन्ही खऱ्या. एकीनं अंगणात बघितलं, दुसरीनं माजघरात.

मिरजेचा_मायक्रोस्कोप (बुधवार, दुपारी १.२०)

खानापूरकर, शुक्रवार जवळ आलाय. आमच्याकडे एसपी७ आहे, तयार डायल्यूशनची. १ मिलि देतो, आठेक स्लाइड होतील. कुणी येणारं आहे का? गोठवू मात्र नका, नुसती थंड हवी, २ ते ८.

स्लाइडवाला_खानापूर (बुधवार, दुपारी १.४५)

सर, पाय धरतो. मेव्हणा उद्या सांगलीहून निघालाय, पण काल कुठल्या तरी बसला काळं फासलं म्हणे, सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं बस येईना झाल्यात. तिथंच उतरून वडापनं या म्हणायलेत.

मठ्ठ_मास्तर (बुधवार, दुपारी २.०५)

१९५६ पासून तेच. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची भाषणं आणि आपली पायपीट. रेल्वेनं बोलवा की. मिरज, रायबाग, घटप्रभा, पाच्छापूर, बेळगाव. रेल्वेला काळं फासायला कुणाला वेळ नसतो.

संपादक मंडळ (बुधवार, दुपारी २.३०)

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागा आहे, चर्चा तिकडे करावी. रेल्वेची सूचना राहू देत आहोत.

निपाणीची_वहिनी (गुरुवार, सकाळी १०.५०)

विळ्याचं सांगितलं डॉक्टरांना. म्हणाले, आधी का नाही सांगितलंत! झेडएन झालेलं आहे, निगेटिव्ह. आता सहा आठवड्यांनी तपासायला बोलावलंय. खानापूरचे भाऊ, तुमची बाटली पोचली का?

स्लाइडवाला_खानापूर (शुक्रवार, सकाळी ११.४०)

पोचली. मेव्हण्यानं चहाच्या थर्मासात बर्फाचे पाऊच घालून आणली, रात्री साडेदहाला स्टेशनवरच हातात दिली. त्याला वाटलं मी काहीतरी दोन नंबरचं करालोय.

आज सात वाजताच लॅब उघडली. टॉन्सिल आणि पेशंट शेजारी शेजारी, पीएच ९. शिवाय पेशंटचीच एक स्लाइड अँटिबॉडी न घालता. डीएबी टाकून टॉन्सिल मायक्रोस्कोपखाली धरलं. पहिलं मिनिट काही नाही. माझ्या पोटात गोळा. मग वाड्यांच्या मधल्या गल्ल्या हळूहळू करड्या व्हायला लागल्या, नंतर तपकिरी, प्रत्येक पेशीला बारीक कडं. गोल वाडे आतून फिकेच राहिले, मध्ये मध्ये एकेक टी पेशी, बाजरीच्या भाकरीवर तीळ असल्यागत. वरच्या अस्तरात पण दोन-चार घुसलेल्या. चार मिनिटांनी नळाखाली धरली.

पेशंटची पण आली. अँटिबॉडी न घातलेली निळीच राहिली. काय दिसलं ते इथं लिहीत नाही, मॅडम बघायला बसल्यात, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट देतो म्हणाल्यात.

मिरजेचा_मायक्रोस्कोप (शुक्रवार, दुपारी १२.१०)

शाब्बास. आता रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा. अँटिबॉडीच्या नावापुढे क्लोन, लॉट नंबर, आणि टॉन्सिलवर कुठल्या तारखेला चालली. बाटली बदलली, लॉट बदलला, की पेशंटच्या आधी टॉन्सिल. ऑर्डरीवरही क्लोन आणि पॅराफिन हे दोन शब्द असल्याशिवाय सही करू नका.

अतिशहाणा_बैल (शुक्रवार, दुपारी १२.४०)

आणि ती यूसीएचटी१ ची बाटली? गटारात?

चिकोडीची_पोर (शुक्रवार, दुपारी १.०५)

गटारात कशाला, अँटिबॉडी चांगली आहे, जागा चुकली होती. ताज्या गाठीचा फ्रोझन सेक्शन ॲसिटोनमध्ये फिक्स करून वापरता येते. नाहीतर फ्लो करणाऱ्या एखाद्या कॉलेजला विचारा, आनंदानं घेतील.

स्लाइडवाला_खानापूर (शुक्रवार, रात्री ८.२०)

रिपोर्ट गेला. एजंटला फोन केला, तो म्हणतो सील फोडलंय, परत घेत नाही. बरोबरच आहे त्याचं. बाटलीला लाल पट्टी मारून "फक्त फ्रोझन" असं मराठीत, कन्नडमध्ये मिळून दोनदा लिहिलंय.

रकाना आखला सर. पहिली ओळ भरली आणि लक्षात आलं, टॉन्सिलच्या ब्लॉकमधनं अजून दहा-बारा सेक्शन निघतील, जास्त नाहीत. बेळगावात कुणाची कान-नाक-घशाच्या डॉक्टरांशी ओळख असंल तर सांगा. टॉन्सिल काढून बादलीत टाकतात ते, एक मला ठेवा म्हणावं. फॉर्मॅलिनची डबी मीच आणून देतो, मोठ्या तोंडाची.